नको, परत येतो!

आमच्या इटलीमामांना कुठलीही गोष्ट पदरात पाडून घ्यायची घाई नसे. वऱ्हाडातल्या कारंजा गावच्या बाजारात वांगी घ्यायला गेले आणि ती मनासारखी नसली, तर घासाघीस नाही, कुरकुर नाही. माळणीला हात जोडून म्हणायचे, "आज नको, परत येतो." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच परत जायचे. त्या दिवशी घरी आम्ही बेसनावर भागवायचो, हे त्यांच्या गावीही नसायचं.

ही सवय त्यांनी इटलीहून आणली होती. कापसाच्या हंगामात कारंज्याला परदेशी व्यापाऱ्यांची माणसं येत. त्यांतल्या एका इटालियन साहेबाकडे मामा तरुणपणी कारकून होते. साहेबाला त्यांची हुशारी आवडली आणि तो त्यांना आपल्यासोबत घेऊन गेला. दिवसा साहेबाच्या पेढीवर काम आणि उरलेल्या वेळात तिथल्या एका खाजगी विद्यापीठात शिक्षण. कोणा व्यापाऱ्यानं आपल्या गेलेल्या मुलाच्या आठवणीत ते काढलं होतं. व्यापार, कायदा आणि राजकारण असे तिन्ही विषय तिथे शिकवत. आमच्या गावात मात्र 'पोरगा बॅरिस्टर व्हायला गेला' अशीच बातमी होती. मामा परतले ते बॅरिस्टर न होता, आणि पदवीही न घेता. शेवटच्या परीक्षेत मिळालेले मार्क त्यांना कमी वाटले. तिथे म्हणे मार्क नाकारून पुन्हा परीक्षेला बसता येई. मामा 'नको, परत येतो' म्हणून उठले आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं.

"घेतले असते ते मार्क तर काय बिघडलं असतं?" मी एकदा चिडून विचारलं.

"ते मार्क माहे नव्हतेच, पोरी," मामा शांतपणे म्हणाले.

मग ते गावातल्या शाळेत गणित शिकवायला लागले आणि जन्मभर तेच केलं. लोक त्यांना इटलीमास्तर म्हणत. मी त्यांची भाची. शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला आले, म्हणून माझे ते इटलीमामा.

लग्नही त्यांचं या सवयीनंच झालं. रिसोडला मुलगी पाहायला गेले, पानसुपारी झाली, आणि उठताना मामा नेहमीसारखे म्हणाले, "परत येतो." निघताना 'जातो' कोणीच म्हणत नाही, पण 'परत येतो' म्हणजे मुलीच्या बापाला पक्का होकारच वाटला. मामा पुन्हा गेले ते 'अजून ठरलं नाही' हे सांगायला, तर दारात मांडवाच्या बल्ल्या रोवलेल्या. मामी हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. "मले काय माईत, हा मानूस वांग्यालेई असंच म्हन्ते!" पण त्या दोघांसारखा संसार मी पुढे फारसा पाहिला नाही.

इटलीतली परीक्षा तोंडी असे आणि दार उघडं. कोणीही यावं, मागे बसून ऐकावं. मामांनी तोच कायदा आमच्या ओट्यावर लावला. संध्याकाळी मला समोर बसवून प्रश्न विचारायचे आणि आजूबाजूच्या बाया सूप मांडीवर घेऊन ऐकायला बसायच्या. मार्क तिथल्यासारखेच, तीसपैकी. "तीसपैकी बावीस. घेते का परत येते?" मी 'परत येते' म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. भाकरीलाही एकदा त्यांनी तीसपैकी अठ्ठावीस दिले होते. "मंग उद्या तुमीच थापा," मामी म्हणाल्या, आणि भाकरीचे मार्क कायमचे बंद झाले.

एका गोष्टीबद्दल मात्र मामा कधीच थट्टेनं बोलत नसत. बाजारात कापसाचा भाव ठरायचा तो रुमालाखाली. दलाल आणि व्यापारी रुमालाआड एकमेकांची बोटं दाबायचे, आणि ज्याचा कापूस तो गाडीजवळ उभा राहून नुसता रुमाल हलताना पाहायचा. मामांच्या वडिलांनी सारी हयात असा रुमाल पाहिला होता. "त्या रुमालाखाली व्यापार हाय, कायदा हाय, राजकारनई हाय," मामा म्हणायचे. "आपल्या पोरायले तो रुमाल उचलता आला पाह्यजे." त्यासाठी त्यांना कारंज्यात तसलं कॉलेज हवं होतं. दुसरं काही त्यांनी आयुष्यात मागितलं नाही.

मागायचं कोणाकडे, तेही त्यांनी ठरवलं होतं. गावात कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचे मालक शेठजी होते. त्यांचा तरुण मुलगा मानमोडी तापाच्या साथीत गेला. त्याच्या नावानं शेठजींनी पोहरादेवीच्या वाटेवर विहीर बांधली होती. दिवाळीच्या पाडव्याला सगळं गाव त्यांच्या पेढीवर पानसुपारीला जायचं. तिथे मामांनी विषय काढला.

"शेठजी, पोराच्या नावानं कॉलेज काढा."

"विहीर बांधली ना, मास्तर. लोक पानी पेतात, पोराचं नाव घेतात."

"पानी पेऊन लोक पुढं जातात. कॉलेजात पोरं येऊन बसतीन. त्याच्याच वयाची."

शेठजींनी पानाचं तबक मामांपुढे सरकवलं. मग म्हणाले, "शाळेले पुस्तकाचं एक कपाट देतो."

मामा उठले. "एवढं नको. पुढच्या पाडव्याले परत येतो."

आणि मग ते दर पाडव्याला जाऊ लागले. शेठजी कधी दोन पोरांची फी देऊ करायचे, कधी शाळेला पितळी घंटा. मामा हात जोडून 'नको' म्हणायचे. मी वैतागायचे. घंटा तर घंटा, घ्यावी की! गावानंही म्हणच करून टाकली होती : पाडव्याले ओवाळनी अन् मास्तरचं नको. शेठजी वरवर करवादायचे, पण मामा येईपर्यंत आपल्या शेजारची गादी कोणाला देत नसत.

पुढे मामांचा दमा वाढला. दुसरं महायुद्ध चालू होतं. माझं तोवर लग्न होऊन मी वाशीमला गेले होते. त्या दिवाळीला माहेरपणाला मामांकडेच आले, तर मामा अगदी वाळून गेलेले. तरी पाडव्याला जायचंच म्हणाले. मी त्यांना बैलांच्या दमणीत बसवून पेढीवर नेलं. पायरीवर त्यांना दोनदा थांबावं लागलं.

शेठजी म्हणाले, "यंदा जिनिंगमागच्या दोन खोल्या देतो, मास्तर. संध्याकाळी वर्ग भरवा."

मामा धाप आवरत म्हणाले, "द्या शेठजी. चालते."

इतकी वर्षं मीच म्हणत होते, घ्या म्हणून. पण मामांच्या तोंडून ते ऐकताना वाटलं, कानच बंद करून घ्यावेत. शेठजींचा हात पानाच्या तबकावर तसाच राहिला. ते मामांकडे टक लावून पाहत होते.

"नाई देत," ते म्हणाले.

"काहून?"

"मी कमी सांगतलं. तुमी 'नको' म्हना, अन् पुढच्या पाडव्याले परत या. मंग बोलू."

मामांच्या लक्षात आलं. ते हसले, खूप दिवसांनी पूर्वीसारखे. हात जोडून म्हणाले, "बरं. एवढं नको. परत येतो." दमणीत बसेपर्यंत शेठजी स्वतः त्यांना धरून होते.

होळीच्या आधीच मामा गेले.

पुढच्या पाडव्याला शेठजींचं बोलावणं आलं. मी मामींना घेऊन गेले. जिनिंगच्या मागे त्याच दोन खोल्या चुन्यानं रंगवून उभ्या होत्या. दारावर मुलाचं नाव होतं. खाली 'व्यापार व कायदा वर्ग' लिहिलं होतं. राजकारण सरकारला खपणार नाही म्हणून पाटीवर घातलं नव्हतं, पण शिकवायचं तेही ठरलं होतं. विद्यार्थी म्हणून आलेली पोरं भिंतीला धरून उभी होती. मामींच्या हातात नारळ दिला. त्यांनी तो फोडायला उचलला, तशी शेठजींनी त्यांना हातानं थांबवलं. ते फाटकाबाहेर रस्त्याकडे पाहत होते.

"थांबा जरासे, वैनी," ते म्हणाले. "मास्तर 'नको' म्हन्याले येतीन."

आम्ही सगळे थांबलो.