उचलताना श्वास सोडायचा

अलकनंदा टिपणीस आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजून चार, त्यातलं एक तिचं आणि एक माझं, त्यामुळे तिच्याबद्दल खरं बोलायचा हक्क मला आपोआप मिळाला आहे. तर खरं असं, की इतकी हट्टी बाई मी दिल्लीतल्या पस्तीस वर्षांत दुसरी पाहिलेली नाही.

ती एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाली. तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. लिफ्ट बंद पडली की आम्ही बाकीच्या बायका प्रत्येक मजल्यावर टेकून सेक्रेटरीचा उद्धार करायचो. ही दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तोंड मिटून पाचवा मजला गाठायची. मला तेव्हा तिचं कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

दीड वर्षापूर्वी तिच्या नवऱ्याला, सुधन्वांना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. शब्द येतात, पण एकेक करून, मध्ये बराच वेळ घेऊन. माणूस सहा फुटी, वजन ब्याऐंशी किलो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, परत पलंगावर, असं दिवसातून सहा-सात वेळा त्यांना उठवावं लागतं. दिवसा अटेंडंट असतो. तो यायच्या आधी आणि तो गेल्यावर अलकनंदा.

म्हणून एकसष्टाव्या वर्षी ही बाई सोसायटीच्या तळघरातल्या जिममध्ये जाऊ लागली. नवऱ्याला उचलायचं तर अंगात ताकद हवी, आणि ताकद जिथे मिळते तिथे जायचं, इतका सरळ हिशेब. सोबतीला मला ओढलं. माझे गुडघे गेलेले, त्यामुळे मी नुसती सायकलवर बसून पाय हलवायची आणि जीभ त्याहून जास्त.

तिथली ट्रेनर सुमन राठी, सोनीपतची. आधी कबड्डी खेळायची, आता आमच्यासारख्यांना सांभाळते. तिने पहिल्या दिवशीच सांगितलं, "आंटी, नीचे झुकते हुए सांस अंदर, उठाते हुए बाहर। रोकना बिल्कुल नहीं है।"

अलकनंदा रोखायचीच. वजन उचललं की ओठ घट्ट, गाल बिटासारखे लाल, मानेवरच्या शिरा टरारलेल्या. मी म्हणायची, हिने आयुष्यभर फायली अडवल्या, आता श्वास अडवते. ती हसायची नाही. सुमनने समजावलं की श्वास कोंडून जोर लावला की तो सगळा जोर पोटावर आणि डोक्यात जातो, एखाद दिवशी चक्कर येऊन पडाल. मग तिने युक्ती सांगितली. गरम चहावर फुंकर मारता ना, तशी मारत उचला. नाहीतर आकडे मोजत उचला, मोठ्याने. बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखताच येत नाही.

दोन महिन्यांत जमलं. अलकनंदा चोवीस किलोचा बार फुंकर मारत जमिनीवरून उचलू लागली. सुमनने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि ऑक्टोबरमध्ये अलकनंदाच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली.

डॉक्टर म्हणाले, हर्निया. श्वास रोखून वजन उचलता का? ही म्हणाली, "बिल्कुल नाही." मी शेजारीच बसले होते, मला तर ते खरंच वाटलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करायला सांगितलं, आणि त्यानंतर तीन महिने काहीही उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा.

तीन महिने सुधन्वांना कोण उचलणार? त्यांचा मुलगा शार्दूल गुरुग्रामला असतो. तो शनिवारी आला तो फोनमध्ये नोएडाच्या एका केअर सेंटरचे फोटो घेऊनच. "आई, प्रॅक्टिकल हो ना यार. चोवीस तास नर्स आहे, फिजिओ आहे. तीन महिन्यांचं बघू, मग पुढचं पुढे." या पुढच्या पुढेचा अर्थ आम्हा तिघांनाही कळत होता. नोव्हेंबरअखेर खोली पक्की करायची असं ठरलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. सुधन्वांना कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

तो गेल्यावर अलकनंदा म्हणाली, "तिथे त्यांना भरवतील, पुसतील, सगळं करतील, प्रभाताई. पण त्यांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत कोण थांबेल?"

मग छठपूजा आली आणि अटेंडंट दहा दिवसांसाठी बिहारला गावी गेला. एव्हाना हवा इतकी खराब झाली होती की सगळ्या खिडक्या बंद, घशात सारखी खरखर. चौथ्या दिवशी सकाळी, काही मदत लागेल म्हणून मी तिच्या घरी गेले. ती सुधन्वांना उठवत होती. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरलेलं, ओठ मिटलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या. आवाज म्हणून नाही. त्यांना खुर्चीत बसवेपर्यंत तिने श्वास सोडला नाही. मग स्वयंपाकघरात आली, ओट्याला धरून वाकली आणि तिथे सोडला. हात पोटावर होता.

माझं डोकंच फिरलं. "जिममध्ये सुमनसमोर फुंकर मारतेस आणि घरी हे? जीव द्यायचाय का तुला?"

ती नळ सोडून उभी राहिली, पाण्याच्या आवाजात बोलायला. "हॉस्पिटलमधून आणलं त्या आठवड्यात उचलताना माझ्या तोंडून आई गं निघालं. एकदाच. त्या दिवसापासून हे तीनऐवजी एकच पोळी खायला लागले. विचारलं की भूक नाही. पंधरा दिवसांनी मला कळलं, वजन कमी करायचं चाललं होतं. मला जड होऊ नये म्हणून." तिने नळ बंद केला. "तेव्हापासून मी आवाज काढत नाही. श्वास सोडला की आवाज होतोच ना, कण्हल्यासारखा. मग रोखते. पण आता थकले, प्रभाताई. खूप थकले."

मला रागावावं की तिला जवळ घ्यावं ते कळेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात आतून हाक आली, "नंदा."

नळ तिने लवकर बंद केला होता, आणि भिंत एकाच विटेची.

आम्ही आत गेलो. सुधन्वा खुर्चीत बसले होते. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. अलकनंदा त्यांच्यासमोर स्टुलावर बसली आणि थांबली.

"तू श्वास... रोखतेस."

"अहो, असू दे ना ते."

त्यांनी मान हलवली. "मला... कळत नाही. कधी... उठायचं." डाव्या हाताने डाव्या मांडीवर थापटलं. "हा पाय... चालतो."

चालतोच तो. फिजिओने त्यांना केव्हाच सांगितलं होतं, बायको उचलेल त्याच क्षणी डाव्या पायाने रेटा द्यायचा. पण तो क्षण त्यांना कळायचा कसा? ही मोजत नाही, हूं करत नाही, सुस्कारा टाकत नाही. पट्टा ओढला गेला की ते आधीच अधांतरी असायचे. चुकीच्या वेळी रेटा दिला तर दोघंही पडतील, या भीतीने ते अंग सोडून द्यायचे.

"मग मीपण... रोखतो. पोतं... होऊन बसतो."

अलकनंदा हळूच म्हणाली, "दीड वर्ष. एकदा बोलायचं नाही का?"

"तू... बोलत... नव्हतीस."

ती रडली. मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि तेही मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. सुधन्वांनी डाव्या हाताने तिला आपला रुमाल दिला.

नंतर त्यांना पलंगावर घ्यायचं होतं. मी दुसऱ्या बाजूला उभी राहिले. अलकनंदाने पट्टा धरला आणि स्पष्ट आवाजात मोजलं, "एक. दोन." तिसऱ्याला तिने तोंड उघडून मोठी फुंकर मारली, शेवटी त्यात कण्हणंही मिसळलं, आणि तिने ते लपवलं नाही. सुधन्वांची डावी टाच फरशीवर दाबली गेली, मी स्वतः पाहिलं. ते उठले. माझा हात त्यांच्या पाठीशी नुसता होता. दोघं एकमेकांना धरून धापा टाकत उभी राहिली, आता दोघांच्याही धापा ऐकू येत होत्या.

माणूस अजून ब्याऐंशीच्याच आसपास आहे आणि गाठ कुठे गेलेली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली तेव्हा घामाने भिजली होती. पण त्या दिवशी उरलेल्या पाचही वेळा तिने मोजलं.

संध्याकाळी तिने शार्दूलला फोन लावला. मी तिथेच होते. त्याने बहुतेक खोलीबद्दलच विचारलं असावं.

"नोएडाचं राहू दे," ती म्हणाली. "ऑपरेशन मी करून घेते, जानेवारीत. हो, तीन महिने मी उचलणार नाही. तू उचलशील. इथे राहायला ये. दिवसा अटेंडंट आहे, सकाळ-संध्याकाळ तू."

पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. ऑफिस, अंतर, मला जमणार नाही, असलंच असेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मलाही जमत नव्हतं," ती म्हणाली. "रविवारी सकाळी सातला ये, शिकवते. आणि उचलताना तोंड मिटून राहायचं नाही. बाबांना तुझा श्वास ऐकू आला पाहिजे, त्याशिवाय ते उठणार कसे?"