ओढ्याला पाणी आलेला पावसाळा

आमच्या ऑफिसात मध्यंतरी एकच वाद चालू होता, लहान चौकोन घ्यायचे की मोठे. बाहेरच्या माणसाला वाटावं, फरशी बसवायची असेल. वाद होता पावसाचा. सोयाबीनवर रोग कधी पडेल हे आधी सांगणारं एक गणित आम्ही लातुरात बसून करतो आणि त्याला गेल्या कित्येक वर्षांचा रोजचा पाऊस लागतो. पाऊस मोजायचं यंत्र काही गावोगाव नसतं. म्हणून नकाशावर चौकोन आखून प्रत्येक चौकोनाला रोजचा एक आकडा दिलेले तयार संच वापरावे लागतात. असे दोन संच आमच्यापुढे होते. एक जमिनीवरच्या पर्जन्यमापकांवरून काढलेला. त्याचे चौकोन एवढे मोठे की अर्धा तालुका एका आकड्यात गुंडाळलेला. दुसरा उपग्रहाचा आणि संगणकाच्या अंदाजाचा, त्याचे चौकोन लहान. निवड माझ्यावर सोपवलेली. सर म्हणाले, "तुम्ही बघा आणि सांगा, मी सही करतो." सरांचं सगळं सहीवर भागतं.

खरं सांगायचं तर लहान चौकोनांवर माझा पहिल्याच दिवशी जीव जडला. हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला बसचा थांबासुद्धा स्वतःचा नाही, फाट्यावर उतरून चालत जावं लागतं. त्या गावाला इथे स्वतःचा चौकोन होता. मी काम बाजूला ठेवलं, तो चौकोन उघडला आणि माझ्या बारावीच्या वर्षात गेले.

तेव्हा मी लातूरला होस्टेलवर होते. घरची आठवण सारखी यायची. शनिवार जवळ आला की मी घरी फोन लावायची. फोन बाबाच उचलायचे.

"बाबा, येऊ का?"

"नको माय. ओढ्याला पाणी आलंय."

फाटा आणि गाव यांच्यामध्ये हा ओढा. पूल ठेंगणा, पाणी चढलं की गाव तुटतं. आमच्याकडे या कारणापुढे कुणाचं काही चालत नाही. लग्नाला आला नाहीत, ओढ्याला पाणी होतं. मास्तर शाळेत आले नाहीत, ओढ्याला पाणी होतं. कुणी उलटून विचारत नाही. मीही विचारलं नाही. त्या वर्षी पोळ्याला ओढ्याला पाणी आलं. पावसाळाभर विहारात ग्रंथ वाचतात, त्या वर्षावासाच्या समाप्तीला तिथं अख्ख्या गावाचं जेवण असतं, तेव्हाही आलं. मधले शनिवारही तसेच गेले. लातुरात नळाला पाणी नाही, टँकरपुढे घागरींची रांग, आणि आमच्या ओढ्याला मात्र बारमाही पूर. होस्टेलच्या गच्चीवर उभं राहून मी त्या ओढ्याला नाही नाही ते बोलायची.

दिवाळीत बाबा भेटले, तेवढंच. थंडीत छातीत कळ आली आणि ते गेले. त्या आधीचा सबंध पावसाळा मला त्यांच्यासोबत मिळाला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून कधीच हलली नाही. त्यात एक बारीक काटा होता. माझ्या खोलीतली मुलगी आमच्या शेजारच्याच गावची. ती पोळ्याला घरी जाऊन आली होती, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. पाण्याचं तिनं नावही काढलं नव्हतं.

तर लहान चौकोनात मी पोळ्याचा दिवस काढला. पाऊस होता, चांगला दणकून. समाप्तीच्या दिवशी पण होता. मला इतकं बरं वाटलं की मी उठून सगळ्यांना चहा सांगितला.

पण निवड अशी होत नसते. जिथे आमचे स्वतःचे पर्जन्यमापक आहेत तिथल्या नोंदींशी दोन्ही संच ताडून बघावे लागतात. बघितले. लहान चौकोनांचा संच ज्या दिवशी थेंब नाही त्या दिवशी खुशाल पाऊस पाडत होता. त्याच्या भरवशावर आम्ही शेतकऱ्यांना कोरड्या दिवसांत, रोग येणारच नसताना, फवारणीचे निरोप पाठवले असते. मी पुन्हा ताडून बघितलं. मग पुन्हा. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "आता काय लाच देतेस का त्याला?" मी हसले, पण माझ्या हातात काही नव्हतं. मोठे चौकोन ओबडधोबड होते, तरी खरं बोलत होते. त्यांत पोळा काढला. शून्य. आदले दिवस शून्य. समाप्तीलाही शून्य. आमचा ओढा जिथून येतो तो सगळा माळ त्याच चौकोनात आहे, म्हणजे पळवाटही नव्हती.

मोठे चौकोन घ्यावेत असं मी लिहून दिलं, सरांनी सही केली. संध्याकाळी घरी फोन लावला. आता फोन माय उचलते.

"माय, माझ्या बारावीच्या साली पोळ्याला ओढ्याला पाणी होतं का गं?"

"कशाचं पाणी? बैलं धुवायला हिरीवर न्यावे लागले."

"मग बाबा तसं काऊन म्हणायचे?"

मला तिकडची कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तू आलीस की जाताना लई रडायचीस बाई. गाडीत बसून निघून जायचीस. मग ह्यांना दोन दिस घास जायचा न्हाई. मी म्हणलं सणाला तरी येऊ द्या. तर म्हणे, न्हाई आली तर पोरीला रडत जावं तरी लागणार न्हाई."

"म्हणून खोटं बोलले?"

"हाव. आन् फोन ठेवला की स्वतःच फाट्यावर जाऊन बसायचे. नांदेडची शेवटची गाडी येऊन जाईस्तोर. मी म्हणायची, येऊ नको म्हणून तुमीच सांगितलं न्हवं, आता कोणाची वाट बघून राहिले? तर म्हणायचे, पोरगी हट्टी हाय. न ऐकता आली म्हंजे?"

मी हट्टी नव्हते. बाबांनी नको म्हटलं की मी बॅग पुन्हा पलंगाखाली सरकवायची. त्या सबंध पावसाळ्यात मी त्यांचं एकदाही मोडलं नाही.