दमलेल्या भाज्या

भेंडीचं टोक मोडायचं काम चाचा गिऱ्हाइकाला करू देत नसत. स्वतः मोडत, कान देऊन आवाज ऐकत आणि म्हणत, "दमलीय बिचारी. विमानातनं आलीय ना." मग तीच भेंडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालत. तुमच्याही बाजारात असा एखादा असेलच.

सौदीतल्या रास तनुरात मी नोकरीला लागलो तेव्हापासून भाजी त्यांच्याकडूनच. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. दुकान कफीलच्या, म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या नावावर, पण कारल्याचं बरंवाईट ठरवणार चाचाच. दुकानामागे त्यांनी वांगी लावली होती. प्रत्येक रोपाला खोल आळं, आणि भाजी धुतलेलं पाणी तांब्या-तांब्यानं त्या आळ्यात.

त्यांचा जावई हिंदी महासागरातल्या एका बेटांच्या देशात, हॉटेलात आचारी होता. तिथं साधा टोमॅटोही बोटीनं येतो, असं त्यानं कळवलं आणि चाचांना झोप येईना. मला उभं करून ते बेटावरची शेती शिकवत. पिशवीतलं माझं आइसक्रीम वितळून जाई.

"पाऊस फुकट, हॉटेलं दारात. पिकवणारा तेवढा नाही."

"मग तुम्हीच जा की," मी थट्टेनं म्हणालो.

चाचा खरंच निघाले. साठीच्या उंबरठ्यावर इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, रद्द करून, कायमचे.

"नाही जमलं तर?"

"तर खलास," म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही. आपली थट्टा अंगाशी येणार असं वाटत राहिलं.

दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. "साहेब, सगळी रोपं कुजली. आळी पावसानं भरली."

"चाचा, तुम्ही कोकणातले. एवढ्या पावसात कुणी आळं करतं का?"

"तीस वर्षं पाणी धरून ठेवायचंच शिकलो हो. सोडायचं विसरलो. आता पाणी निघून जाईल असे उंच गादीवाफे करतो. एका लावणीपुरतं बी उरलंय."

त्यानंतर फोन करायचा मला धीर होईना. शेवटी चारेक महिन्यांनी एका शुक्रवारी केला. पलीकडे इंजिनाची घरघर होती.

"साहेब, आत्ता नको. बोट सुटतेय. हॉटेलची वांगी चढवतोय." फोन बंद.

राग यायला हवा होता. मी बायकोला हाक मारली आणि म्हणालो, "अगं, चाचांना आपल्याशी बोलायला वेळ नाही." मग आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत बसलो.