बोनस जाईल म्हणून

अंबडच्या एका कारखान्यात मी सुरक्षेचं काम पाहायचो. फाटकाशी एक फळा होता, अपघाताविना गेलेल्या दिवसांचा. रोज सकाळी त्यावरचा आकडा एकाने वाढवणं हे माझं आवडतं काम. तो आकडा शून्यावर येऊ नये म्हणून एका फिटरने कापलेलं बोट चिंधीत गुंडाळून अख्खी पाळी काढली होती. मला दोन दिवसांनी कळलं. मी त्याला खूप रागावलो. फळ्यावरचा आकडा मात्र तसाच ठेवला.

निवृत्त झालो, फळा सुटला, पण जित्याची खोड कुठे जाते? ती गाडीच्या विम्यात शिरली. क्लेम न करता वर्ष गेलं की पुढच्या हप्त्यात सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. दरवर्षी वाढत वाढत माझी सूट पन्नास टक्क्यांवर पोचली. त्याच्यावर ती जातच नाही. मुलगा बोर्डात आल्यासारखं मी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, आणि लोक बिचारे ऐकून घेत.

बायको शाळेतून निवृत्त झाल्यावर गाडी शिकली आणि पहिल्याच झटक्यात लायसन्स काढून आली. त्यानंतरची दोन वर्षं ती माझ्या डाव्या बाजूलाच बसत होती. किल्ली मागितली की माझं उत्तर तयार असे, कुठे घासलीस तर बोनस जाईल. पुढेपुढे तिने मागणंच सोडलं. मला वाटलं, पटलं तिला.

तिची आई मनमाडला भावाकडे असते. दिवाळीनंतर ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बायकोला आठवड्यातून एकदा तरी आईजवळ जाऊन बसायचं होतं. रेल्वे आहे, पण तिच्या गुडघ्यांना स्टेशनचे जिने सोसत नाहीत. मग मी घेऊन जायचो, तेही उपकार केल्यासारखा. चहा झाला की माझं घड्याळाकडे बघणं सुरू. ती आईचे केस विंचरत असायची आणि मी दारात चपला घालून उभा. म्हातारी म्हणायची, राहू दे ना आजची रात्र हिला. मी म्हणायचो, पुढच्या वेळी नक्की.

विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा बायकोही माझ्याबरोबर होती, कारण तिथूनच भाजीला जायचं होतं. आमच्या एजंट बाई सोशिक आहेत. दरवर्षी मी त्यांच्याशी हप्त्यावरून हुज्जत घालतो. या वेळी मी विचारलं, गाडीची किंमत कमी दाखवली तर? त्या म्हणाल्या, हप्ता थोडा उतरेल, पण गाडी चोरीला गेली तर भरपाईही तेवढीच कमी मिळेल. त्यापेक्षा किरकोळ खरचटलं तर खिशातून करा, मोठ्या दुरुस्तीतला सुरुवातीचा काही खर्च आपण सोसू असं लिहून द्या, जुन्या गाडीला नको असलेली जादा कव्हरं काढून टाका.

मी माझ्या बोनसची आठवण करून दिली. त्यांनी कागदावर उभी रेघ मारली. एका बाजूला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा. त्याचा दर ठरलेला, त्यावर बोनस लागत नाही. दुसऱ्या बाजूला आपल्या गाडीचा. गाडी जुनी झाल्यामुळे ती रक्कमच लहान राहिलेली, आणि बोनस तिच्यावर. त्यांनी माझ्या वर्षभराच्या बोनसभोवती गोल काढला. अठराशे रुपये. शिवाय एकदा क्लेम केला म्हणजे जन्माचा बोनस गेला असं नसतं, तो पुन्हा पहिल्यापासून साठतो, असंही सांगितलं.

बायकोने तो कागद स्वतःकडे ओढून नीट पाहिला. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली,

"एवढ्यासाठी?"

बाहेर आल्यावर मी किल्ली तिच्या हातात दिली. तिने आधी सीट पुढे ओढली, मग आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. भाजीबाजारापर्यंत मी डाव्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत बसलो होतो.

शनिवारी ती एकटी मनमाडला गेली. संध्याकाळी फोन आला की राहतेय. मी सकाळचा भात फोडणीला घालून खाल्ला आणि स्वतःवर खूश झालो. आपण बदललो, असं मला अगदी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी हॉर्न वाजला. मी लगबगीने बाहेर गेलो आणि गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचा बंपर, डावी दारं, मागची बाजू. वाकून खालीही पाहिलं. कुठे साधा ओरखडा नव्हता. हायसं वाटून मी मान वर केली. बायको पिशवी हातात धरून केव्हाची उभी होती.

"आई काठी घेऊन चार पावलं चालली," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगते."