साफ जागा
राब भाजल्याचा धूर नाकात गेला, की आमच्या गावाच्या उत्तरेचा तो मोठा तलाव आठवतो. मी लहान असताना एका गोऱ्या साहेबाच्या शिकारीचा तळ तिथं पडायचा होता. संस्थानचा शिपाई काठाकाठानं जागा बघत आला आणि आमच्या ताज्या राबावर येऊन थांबला. भाताच्या रोपासाठी आम्ही दगड वेचून, पालापाचोळा जाळून ती जमीन तयार केली होती. बानं हात जोडले, "दादा, राख गेली तं रोप कसं येल?" "अख्ख्या काठावर एवढी साफ जागा नाही," शिपाई खूश होऊन म्हणाला आणि राख झाडायला त्यानं आम्हालाच लावलं. आईनं झाडू घेतला. सगळी राख तलावात गेली. आजही कुणी माझ्या साफ अंगणाचं कौतुक केलं, की छातीत धस्स होतं.