सौभाग्यवतींच्या सुया

एकदा वापरून फेकून द्यायच्या वस्तूंवर माझा मुळातच राग आहे. आमच्या घरी पार्सलची दोरी गाठ सोडवून गुंडाळून ठेवली जाते, पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवल्या जातात, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान आहे. त्यामुळे बिबवेवाडीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात, बायकोच्या गुडघ्यातून काढलेल्या आठ चकचकीत सुया कचऱ्यात जाताना पाहिल्या, तेव्हा माझा जीव हळहळला.

तिचा गुडघा दोन वर्षं कुरकुरत होता. ती भजनी मंडळात पेटी वाजवते, आणि पेटी वाजवायची ती जमिनीवर मांडी घालूनच, असा तिचा बाणा. खुर्चीत बसून वाजवणाऱ्यांविषयीचं तिचं मत मी इथे लिहीत नाही. ऑपरेशनचं नाव ती काढू देत नव्हती. पण भजन संपायच्या आतच मांडी मोडावी लागू लागली, म्हणून सुया टोचून घ्यायचं, म्हणजे ॲक्युपंक्चर करायचं ठरलं. उपचार करणारे गृहस्थ पस्तिशीचे आणि फार नम्र होते. पुण्यात एवढी नम्रता धोक्याची असते.

"या परत का वापरत नाही?" मी विचारलं.

"काका, एकदाच वापरायच्या असतात. पाकिटावर लिहिलंय."

"पाकिटावर कोण लिहितो? सुया विकणाराच ना?"

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. उकळत्या पाण्यात जंतू मरतात, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सलग तीन भेटींत मी त्यांचा वर्ग घेतला. चौथ्या भेटीला ते थकले. "बरं, काकूंच्या सुया तुम्ही सांभाळा. त्या फक्त त्यांनाच टोचू," म्हणाले. त्यांनी तेव्हा मला दार दाखवायला हवं होतं.

मग मी पद्धत बसवली. वेगळं पातेलं, घड्याळ लावून वीस मिनिटं उकळी. नंतर चिमट्याने उचलून, हाताला चटका नको म्हणून, सुया नळाखाली धरायच्या. मग धुतलेल्या पंच्याने पुसून स्टीलच्या डबीत. डबीवर चिठ्ठी: ‘सौ.च्या सुया. कृपया हात लावू नये. लावल्यास कारण सांगावे.’ दवाखान्यात बाकावर बसलेल्या मंडळींना मी डबी उघडून दाखवत असे. एका निवृत्त कारकुनांनी तर पद्धत लिहूनही घेतली.

दुखणं खरंच थोडं कमी झालं. मी श्रेय निम्मं सुयांना आणि निम्मं मला दिलं. पण महिनाभराने, जिथे जिथे सुई टोचली होती तिथे लालसर गाठी आल्या. "उष्णता आहे," मी निदान केलं आणि हळदीचा लेप लावला. गाठी जांभळ्या झाल्या, फुटल्या, पू वाहू लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी काही फरक पडेना. बायकोला मधुमेह. एके सकाळी तिला पायावर भार देता येईना आणि ती पलंगाच्या कडेला नुसती बसून राहिली. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला. अहवाल आल्यावर म्हणाल्या, "हा जंतू क्षयाच्या जंतूंच्या भावकीतला आहे. साध्या औषधांना दाद देत नाही. सहा-सात महिने गोळ्या घ्याव्या लागतील. सांध्यात शिरला तर मात्र गुडघा उघडावा लागेल."

"मांडी घालता येईल ना?" बायकोने विचारलं. एवढं एकच विचारलं.

"आत्ता नाही सांगता येणार. सुया कुणी टोचल्या?"

मी ताबडतोब त्या नम्र गृहस्थांचं नाव सांगितलं. वर म्हणालो, "आजकाल कुठे कसली स्वच्छता पाळतात!" हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की आज लिहितानाही लाज वाटते.

डॉक्टरीणबाई फोनकडे वळल्या. त्या गृहस्थांना विचारावं लागेल, त्यांचे बाकीचे रुग्णही तपासावे लागतील, असं म्हणाल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मग मी सांगितलं. पातेलं सांगितलं, वीस मिनिटं सांगितली, तोवर आवाजात थोडी ऐटही आली होती. नळापाशी आलो आणि डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं.

"उकळल्यावर नळाखाली?"

"गार करायला."

"हे जंतू पाण्यातच असतात, काका. टाकीत, नळात. प्यायलं तर सहसा काही होत नाही. तुम्ही ते सुईने आत पोचवलेत." मग त्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "आणि त्या सुया टोचणाऱ्यालाही अक्कल हवी होती."

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांकडे गेलो, चूक सांगितली, आणि पद्धत लिहून घेणाऱ्या कारकुनांना तिथूनच फोन लावला. सुदैवाने त्यांनी कागद हरवला होता. अव्यवस्थित माणसाबद्दल मला इतका आदर पूर्वी कधी वाटला नव्हता.

सात महिने गोळ्या चालल्या. तिची भूक गेली, तोंड कडू झालं, मंडळात दुसरीच कुणीतरी पेटी वाजवू लागली. अखेर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद केल्या. सांधा वाचला होता. घरी आल्याबरोबर तिने दिवाणखान्यात सतरंजी टाकायला लावली आणि माझ्या खांद्याला धरून हळूहळू खाली बसली. डावा पाय दुमडला. उजवा अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिला. परत ओढला. मग हात काढून घेतले.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण हे दोन शब्द मी तिला कधी म्हटल्याचं आठवत नव्हतं.

"चुकलं माझं."

"माहितीये," ती म्हणाली. "आधी मला उठवा."