मामाची बोटं

सगळी बोट त्याला मामा म्हणायची. वास्तविक तो एकट्या बोटवालीचा मामा. पण ती सुकाणूपाशी उभी राहून "मामा, बघ जरा" अशी हाक मारायची आणि बाराच्या बारा गिऱ्हाइकं दहा मिनिटांत तेच नातं लावून मोकळी व्हायची. बँकेतले साहेब असोत, दाताचे डॉक्टर असोत, नाहीतर सासऱ्याला खूश करायला सोबत आलेला जावई असो, समुद्रात दोन तास काढले की सगळे भाचे. मामाची त्याला हरकत नव्हती. एवढे भाचे असून एकालाही धड गाठ मारता येत नाही, इतकंच तो म्हणायचा.

हौशी लोकांना गळाने मासे धरायला घेऊन जाणारी ती बोट. सकाळी धक्क्यावरून बारा जणांना घ्यायचं, किनारा पुसट होईपर्यंत आत जायचं, इंजिन बंद करायचं आणि दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर सहा-सहा काठ्या लावून द्यायच्या. काठ्या चांगल्या दीड पुरुष उंच. प्रत्येकाच्या हातात असलं लांबलचक लचकतं लचांड, त्याला रीळ, रिळावर केसासारखा पारदर्शक दोरा, दोऱ्याला शिसं आणि टोकाला गळ. बारा अनोळखी माणसांना एवढी हत्यारं देऊन एका डुलत्या फळीवर उभं करायचं म्हणजे काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

मामा आधी माणसं बघायचा आणि मग काठ्या वाटायचा. लांब काठ्या दोन्ही टोकांना, आखूड मध्ये. डावखुरा नेहमी कोपऱ्यात. बोट लागणारा वाऱ्याच्या उलट अंगाला, म्हणजे त्याचं पोट रिकामं झालं तरी शेजाऱ्याचा सदरा वाचतो. आणि सर्वज्ञ गिऱ्हाईक, म्हणजे स्वतःची महागाची काठी घेऊन आलेलं, ते मामाच्या अगदी शेजारी. कारण पहिला गुंता तिथूनच सुरू होणार हे ठरलेलं.

गुंता व्हायचाच. वारा एकीकडे आणि पाण्याची ओढ दुसरीकडे असली की बोट हळूच तोंड फिरवते. मग डावीकडचे दोरे बुडाखालून जाऊन उजवीकडच्यांच्या गळ्यात पडतात. अशा वेळी काहीही न करता दोरा सैल सोडायचा असतो. पण माणसाला वाटतं आपल्यालाच मासा लागला, आणि तो रीळ फिरवायला लागतो. त्याला बघून समोरचा फिरवतो. आता दोघांनाही मासा लागलेला असतो, एकमेकांचा. मग मामा ओरडायचा, "हात वर!" बारा माणसं चोर पकडल्यासारखी हात वर करून उभी राहायची आणि मामा उपड्या खोक्यावर बसून तो सगळा गोळा मांडीत ओढून घ्यायचा.

आणि मग खरं बघण्यासारखं असे. मामा दोऱ्याकडे बघतच नसे. नजर पाण्यावर आणि बोटं गोळ्यात. एकेक दोरा अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हलकेच हलवायचा, आणि पलीकडे कुणाची काठी थरथरते ते बोटांनाच कळायचं. "हा चष्मेवाल्याचा. हा जावईबापूंचा." चार-पाच मिनिटांत बारा दोरे बारा ठिकाणी. भाची लहान असताना, तिची आई, म्हणजे मामाची बहीण गेली त्या वर्षापासून, ती याच खोक्याशेजारी बसून हे बघत आली होती. मामानेच तिला वाढवलं आणि बोटही मामानेच शिकवली. बोटीचं लायसन्स तिच्या नावाने निघालं तेव्हा त्याने धक्क्यावर दिसेल त्याला थांबवून ते दाखवलं होतं.

बोटं बधिर व्हायला लागली ती दोन वर्षांपूर्वी. आधी अंगठा. मामाला वाटलं गारठा असेल. मग तर्जनी, मग हळूहळू सगळा पंजाच झोपल्यासारखा. डॉक्टरांनी टोचून बघितलं, टोचलेलं त्याला कळलं नाही. साखरेने नसा गेल्या, गेलेल्या परत येत नाहीत, आता रोज संध्याकाळी हातापायांना कुठे लागलंय का ते डोळ्यांनी बघत जा, असं डॉक्टर म्हणाले. मामाने घरी येऊन बायकोला सांगितलं, साखर थोडी वाढलीय. बाकीचं गिळून टाकलं.

बायको एका लाँड्रीत इस्त्रीला जायची, सकाळी सात ते दुपारी एक. गरम म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. उकळता चहा भरलेला स्टीलचा पेला तो सावकाश हातात धरून बसला, आणि पेला ठेवल्यावर तळव्यावर फोड दिसला, तेव्हाच तिला सगळं कळलं. तिने फोडाला मलम लावलं. दुसऱ्या दिवसापासून चहा कपबशीतून यायला लागला. त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

बोटीवर मामाने वेगळीच वाट काढली. दोरा खालच्या ओठावर टेकवायचा. ओठ अजून जागा होता. केसाएवढी थरथरही ओठाला कळायची. गिऱ्हाइकांना वाटायचं ही मामाची लकब, ते फोटो काढायचे. पाच मिनिटांच्या जागी वीस मिनिटं लागायची, ओठ चिरायचा, मिठाने झोंबायचा, पण गुंता सुटायचा. रात्री अंथरुणावर पडलं की एकच विचार यायचा. हे सुटलं की आपण कोण? लिहिता-वाचता बेताचंच येतं. पोहता येतं, पण पोहण्याचे कोण पैसे देतो? बोटीवर आपली जागा आहे ती या बोटांमुळे, आणि बोटं तर गेलेली. भाचीला कळलं की संपलं.

कळलं ते एका कचेरीच्या सहलीत. बाराही जण नवखे, चारचौघांत हसं नको म्हणून सगळं येत असल्यासारखं करणारे, म्हणजे सगळ्यांत वाईट. तासाभरात बोट फिरली आणि सात दोऱ्यांचा एकच भारा झाला. मामाने हात वर करवले, भारा मांडीत घेतला, ओठ लावला. सहा दोरे वेगळे झाले. सातवा काही येईना. मामा ओढायचा, तो यायचा नाही. सैल करायचा, परत ओढायचा. "हा एक कुठेतरी अडकलाय," तो म्हणाला. बुडाला अडकला असेल म्हणून कुणी वाकून खाली बघितलं. मामाने जरा जोर लावून ओढला.

समोर उभी असलेली बाई हळूच म्हणाली, "मामा, तो तुमच्या हातात अडकलाय."

मामाने खाली बघितलं. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी गळ पार आत रुतला होता, आणि उजव्या हाताने तो मघापासून स्वतःलाच ओढत होता. विजारीवर रक्त उतरलं होतं. गिऱ्हाइकांपैकी काहींचे हात अजून वरच होते.

भाची सुकाणू सोडून आली. तिने पक्कड आणली, मामाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पाठ अशी केली की त्याला तो दिसू नये. मामा पाण्याकडे बघत बसला. कुठल्या क्षणी किती कळवळायचं याचा त्याला काहीच अंदाज नव्हता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "दुखतंय का मामा?"

मामाने तोंड वाकडं केलं. "हळू गं. जीव जातोय."

ती त्याच्याजवळ वाकली. मग अगदी हळू, गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मामा, गळ निघाला. कधीच निघाला."

तिने सुकाणू धरलं आणि बोट धक्क्याकडे वळवली. धक्क्यावर गिऱ्हाइकं उतरल्यावर तिने सगळं विचारलं, कधीपासून, कोणतं बोट, डॉक्टर काय म्हणाले. मामाने सांगितलं. सांगताना त्यालाच लाज वाटत होती, चोरी करताना सापडल्यासारखी. मग ती म्हणाली की उद्यापासून बोटीवर यायचं नाही. तो म्हणाला, नुसत्या काठ्या लावीन. ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, खोक्यावर बसून राहीन, कशाला हात लावणार नाही. ती रडायला लागली, पण नाहीच म्हणाली. उद्या हाच गळ कुणाच्या डोळ्यात गेला तर काय, हे तिचं म्हणणं बरोबर होतं. मामाने तिला तेच शिकवलं होतं.

घरी बसलेला माणूस बघवत नाही. पहिले आठ दिवस मामा पहाटे उठून तयार व्हायचा आणि मग खुर्चीत बसायचा. दाढी करणं बंद झालं. जेवलात का म्हटलं तर आठवावं लागायचं. नवव्या दिवशी बायकोने एक पिशवी आणून त्याच्यासमोर ठेवली. भाचीने गुंतलेले दोरे पाठवले होते. बोटीवर वेळ मिळत नाही, फेकायला जिवावर येतं, मामाने सावकाश सोडवावेत. मामाने खिडकीच्या चौकटीला खिळा ठोकला, त्यावर भारा अडकवला आणि ओठ लावला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मग दर चार-पाच दिवसांनी पिशवी यायची. कामावरून येताना धक्क्यावरून आणली, असं बायको म्हणायची. तो सोडवायचा, नीट गुंडाळून द्यायचा आणि विचारायचा, काही म्हणाली का. ती म्हणायची, मामाशिवाय अडतं म्हणाली. पण मामाला काहीतरी खटकत होतं. रिळावरचा आणि पाण्यातला दोरा स्वतःभोवती फिरत असतो, त्याच्या गुंत्याला पीळ असतो. पहिल्या दोन पिशव्यांत तो होता, नंतरच्या गुंत्याला पीळ नव्हता. नुसता चुरगळलेला दोरा. ओठ लावला की दहा मिनिटांत मोकळा. बोटवाली शिकली असेल गिऱ्हाइकांना आवरायला, असं त्याने मनाशी म्हटलं.

एकदा दुपारी झोप लागेना म्हणून तो पाणी प्यायला उठला. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. बायको जमिनीवर पाय पसरून बसली होती. समोर त्यानेच परवा गुंडाळून दिलेला दोरा. ती तो सोडून सोडून दोन्ही हातांनी चुरगळत होती. मध्येच थांबून गोळा वर धरून बघायची, फार झालं असं वाटून थोडा सैल करायची. शेजारी एका वाटीत मिठाचं पाणी होतं. शेवटी तिने गोळा त्यात बुचकळला, पिळला, वास घेऊन बघितला आणि पिशवीत भरला.

मामा पाणी न पिताच परत येऊन आडवा झाला, डोळे मिटून. भाचीने पहिल्या दोनच पिशव्या पाठवल्या होत्या, हे त्याला आता हिशेब न करताही कळलं. तिचा दोष नव्हता. तिने नवे दोरे घेतले असतील, गुंता झाला की कापून टाकत असेल, सगळेच तसं करतात. पण ही बाई सहा तास इस्त्री फिरवून येते आणि आपल्यासाठी गुंता घालत बसते. त्याला तिचा रागही आला, आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

संध्याकाळी पिशवी पुढे आली. त्याने दहा मिनिटांचं काम रात्रीच्या जेवणापर्यंत पुरवलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिला सांग, जरा पीळ घालून पाठव. हे फार लवकर सुटतं."

"सांगते," ती म्हणाली.

पुढच्या पिशवीला आठवडा लागला. आली तेव्हा मामाने भारा खिळ्याला अडकवला आणि ओठ लावताच त्याला कळलं. हिने मनावर घेतलं होतं. पीळ होता, आणि पिळावर पीळ होता. अगदी समुद्रातल्यासारखा. त्या दिवशी तो सुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ओठ इतका सुजला की त्यालाही दोरा कळेना. बायको दारात उभी राहून बघत होती, काहीतरी सांडून ठेवल्यासारखा चेहरा करून.

मामाने भारा खिळ्यावरून काढला आणि तिच्यापुढे धरला. "तूच सोडव. तूच घातलायस ना?"

तुम्हाला कधी कळलं, असं तिने विचारलं नाही. ती त्याच्यासमोर बसली, भारा मांडीवर घेतला आणि इस्त्रीने भाजलेल्या बोटांनी एकेक फेरा चाचपू लागली. एक सैल करावा तर दुसरा आवळायचा. बराच वेळ ती खाली मान घालून तसंच करत राहिली.

"मला नाही हो येत सोडवायला," ती म्हणाली. "मला नुसता घालता येतो."

मामा आपल्या हातांकडे बघत होता.

"मलाही नाही येत आता," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो हे कुणाला तरी स्वतःहून सांगत होता.